आईवर गेलेला

“हा फोटो कुणाच्या हातात देऊ नकोस, कुस्तोदिया. दिलास, तर परत येईल तो कुणी निराळाच माणूस होऊन येईल.”

आईला जाऊन बराच काळ लोटला होता, तरी तिचं हे सांगणं कानाशी बसलेलं होतं. कुस्तोदियाने मांडीवरच्या रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. समोर दामियाना हात पुढे करून बसली होती. तिच्या नखांत निळा रंग होता, बोटांना गुलाबी लागलेला होता. मागच्या भिंतीवर तिने रंगवलेली माणसं ओळीने टांगली होती. आयुष्यात कधी कोट न घातलेले शेतमजूर कोटात होते, झालर न मिळालेल्या नवऱ्या झालरीत होत्या आणि मिटल्या डोळ्यांनी गेलेली लेकरं डोळे उघडून बघत होती. गाल मात्र सगळ्यांचे एकसारखे गुलाबी.

“दे की बाई,” दामियाना म्हणाली. “माझ्याकडे मेलेली माणसं येतात आणि टाय लावून बाहेर पडतात. तक्रार आजवर एकानेही केलेली नाही.”

कुस्तोदियाला हसू आलं. त्या हसण्यातच गाठ सुटली.

फोटो तळहाताएवढा होता. शाळेच्या दारासमोर एक माणूस हातात टोपी धरून उभा. उन्हामुळे डोळे बारीक झालेले. चेहरा घेवड्याच्या दाण्याएवढा, बाकी सगळं राखेच्या रंगाचं.

“कोण हे?”

“माझे वडील. बेलार्मिनो मास्तर.”

दामियानाने फोटो खिडकीपाशी नेला. “नदीच्या कवितेचे? ‘नदी गेली, तिची वाट मात्र राहिली’, ते?”

“तेच.”

“अगं, ही कविता येत नव्हती म्हणून मी शाळेत छड्या खाल्ल्यात!” तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा कुस्तोदियाकडे. मग जरा चाचरत म्हणाली, “पुस्तकात तर ते चांगले गोरेपान आहेत.”

“म्हणून तर आले, ताई.”

बेलार्मिनो मास्तर तापाने गेले तेव्हा कुस्तोदिया जेमतेम चालती-बोलती होती. नंतर राजधानीहून निरोप आला की मास्तरांची कविता शाळेच्या पुस्तकात घेणार आहेत, चित्र हवं आहे. घरात हा एकच फोटो. गावोगाव फिरून फोटो रंगवायला नेणारा एक दलाल त्या सुमारास आला होता, आईने त्याच्या हवाली केला. फोटो रंगवायच्या कारखान्यात दलालाला कुणी तरी कातडीचा रंग विचारला असणार, आणि त्याने आपल्या मनाने सांगितला असणार. फोटो परत आला. सोबत चित्र आलं. सरळ नाक, पातळ ओठ, गालांवर गुलाब, डोळे मधासारखे. आईने ते चित्र किती तरी वेळ हातात धरलं आणि मग राजधानीला पाठवून दिलं. दुसरं पाठवायला होतंच काय? तेव्हापासून साऱ्या प्रांतातली मुलं त्याच बेलार्मिनोला ओळखत आली.

कुस्तोदिया शाळेत गेली तेव्हा बाईंनी वडिलांचं नाव विचारलं. तिने सांगितलं. बाईंनी पुस्तक उघडून चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “कुठला बेलार्मिनो? तो विहिरी खणणारा ना?” त्या दिवसापासून ती विहिरीवाल्याची झाली. मुलं वाटेत गाठून विचारायची, “काय गं, तुझा पुस्तकातला बाप जेवायला कधी येतो?”

तरीही पुस्तकातलं ते पान तिने कापून संतांच्या तसबिरींशेजारी लावलं होतं. सोमवार मृतांचा. दर सोमवारी त्या गोऱ्या चेहऱ्यापुढे ती मेणबत्ती लावायची, आणि मेणबत्ती विझेपर्यंत तोंडात पाणी घ्यायची नाही. वसा आईचा होता, तिच्यामागे हिने चालवला. लेस विणून ती पोट भरायची, पण सोमवारी आधी मेणबत्ती, मग काम.

आता रियाशो गावात वाचनालय निघत होतं, बेलार्मिनो मास्तरांच्या नावाचं. रविवारी चर्चमध्ये मिसा झाली की उद्घाटन. साहित्य मंडळाचे अध्यक्ष एव्हारिस्तो हे गावचे दस्तऐवज करणारे गृहस्थ. औषधाची पुडी त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती, पण शिकलेले आणि रोज पॉलिशचे बूट घालणारे, म्हणून त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. पुस्तकातलंच चित्र मोठं करून लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. कुस्तोदिया त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“चित्र मी करून आणते, डॉक्टरसाहेब. खरा फोटो माझ्याजवळ आहे.”

डॉक्टरसाहेबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही त्यांच्या कन्या, असं म्हणतात खरं.”

ते ‘म्हणतात’ तिला लागलं. पण ती तिथेच उभी राहिली. अखेरीस ते म्हणाले, “आणा. मात्र चारचौघांत शोभेलसं असू द्या. कन्या म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची ठेवू.”

तिला एवढंच हवं होतं. वडील भिंतीवर असावेत, आपण त्यांच्याखाली बसावं, आणि लोकांनी एकदा वर बघून एकदा खाली बघावं. मग कुणी काही विचारायची गरज उरणार नव्हती.

“रंग कोणता देऊ?” दामियानाने बश्या पुढे ओढल्या.

“बाकीचे लोक काय सांगतात?”

“लोक?” दामियाना खुदकन हसली. “लोक म्हणतात, थोडा उजेड टाका. कोळशासारखा नवरा घेऊन येतात आणि मला सांगतात, फोटोत जरा सावली पडलीय हो. मी काढते सावली. हौसेने गोरे होतात बिचारे, मी कोण अडवणार?”

“मला सावली काढायची नाही. जसे होते तसे हवेत.”

“तसे म्हणजे कसे? फोटोला रंग नाही. तुला आठवतात?”

कुस्तोदियाने आठवून पाहिलं. टोपीचा घामट वास आठवला. गुडघ्यावर बसवून कुणी तरी हलवत होतं, ते आठवलं. रंग आठवला नाही.

“आई म्हणायची, मी त्यांच्यावर गेलेय.”

“मग झालं तर! हात दे इकडे.”

कुस्तोदिया उन्हाळ्यातही लांब बाह्यांचंच झंपर घालायची. तिने मनगटाचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात टेबलावर उताणा ठेवला. मनगटाची निळी शीर वर आली. दामियानाने कुंचला भिजवला, पण तो बशीवरच थांबला.

“असाच?”

“असाच.”

दामियाना कामाला लागली. तपकिरीत थोडा पिवळा कालवला, हाताशी लावून पाहिला, आणखी थोडा पांढरा घेतला.

चित्र तयार झालं तेव्हा कुस्तोदिया त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. काळा कोट, पांढरी कॉलर, आणि त्यावर एक सावळा माणूस. कपाळ तिचं होतं. भुवयांमधली घडी तिची होती. नाक कुणी चिमटीत धरून बारीक केलेलं नव्हतं.

“रडतेस काय, बये? ते वाळू दे आधी,” दामियाना म्हणाली, आणि चौकटीवर फुगीर काच बसवायला लागली.

शनिवारी सकाळच्या ट्रकने कुस्तोदिया चित्र चादरीत गुंडाळून गावी आली, ती थेट वाचनालयात गेली. डॉक्टरसाहेब स्टुलावर चढून खिळा ठोकत होते. बाहेरच्या पडवीत शाळेच्या मुलांची तालीम चाललेली. तिने चादर सोडली. डॉक्टरसाहेब हातोडी घेऊन खाली उतरले, दोन्ही हात पाठीशी बांधले, आणि मान वाकडी करून बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांचा ताण उतरलेला तिने पाहिला.

“अहो, छान आहे की! मला धास्ती होती, काय आणतात कोण जाणे. हा तर गव्हाळ आहे. भारदस्त. शोभेल.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुम्हाला म्हणून सांगतो, याहून गडद असता तर मंडळात बोलणी झाली असती. मला लावता आला नसता.”

मग त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं. “कपाळ मात्र हुबेहूब तुमचं, दोना कुस्तोदिया.”

आजवर त्यांनी तिला असं मानाने दोना म्हटलं नव्हतं. गावात लेस विकत घेणाऱ्या बायकांनीही म्हटलं नव्हतं. तिला वाटलं, आता आनंद होईल. ती थोडी थांबलीही. पण आनंदाच्या जागी ते ‘याहून गडद’ येऊन बसलं आणि हलेना.

“संध्याकाळी आणून देते,” ती म्हणाली. “आधी आत्याला दाखवते.”

झेफा आत्या ही बेलार्मिनोची थोरली बहीण. वाचनालयाच्या मागच्याच गल्लीत तिची मातीची खोली. दिवसभर ती झुल्यात पडून असायची. आताही तोंडात विझलेली चिलीम होती आणि पोटावरच्या ताटलीत गुळाचा खडा ठेवून ती सुरीने त्याचा भुगा पाडत होती.

“आलीस? मला वाटलं, कवीची मुलगी झाल्यावर म्हातारीला विसरलीस.”

“कवीची मुलगी मी पहिल्यापासून आहे, आत्या.”

“ते मला माहीत आहे गं. गावाला उद्या कळणार आहे. आण, बघू दे.”

कुस्तोदियाने चित्र झुल्याच्या काठाशी टेकवून धरलं. आत्याने सुरी खाली ठेवली. गुळाचं बोट काचेवर ठेवून तिने कोटाची कड चाचपली.

“कोट चांगला आहे. असा त्याला कधी मिळाला नाही. मेला तेव्हाही उसना होता.”

“आणि तोंड?”

“तोंडही चांगलं आहे.”

“आत्या.”

“चांगलं आहे म्हटलं ना? कुणा भल्या माणसाचं आहे.”

कुस्तोदियाने चौकट घट्ट धरली. वाचनालयाच्या पडवीतून मुलांचे आवाज येत होते. नदी गेली, तिची वाट मात्र राहिली. एक कडवं, दुसरं, तिसरं. मग टाळ्या आणि बाकं सरकवल्याचा आवाज.

“थांबली का पोरं?” आत्याने विचारलं.

“संपली कविता.”

“कशी संपेल? चौथं कडवं राहिलं की.”

“तीनच आहेत. पुस्तकात तीनच आहेत.”

“पुस्तकात असतील. त्याने चार लिहिली.” आत्याने तोंडातली चिलीम काढली. तिचा आवाज म्हातारा होता, पण शब्द अडखळले नाहीत.

“आईचे हात अजून तिथेच आहेत,
नदी गेल्यावर उरलेल्या गाळाच्या रंगाचे.
ते धूत राहतात, आणि पाणी नाही.”



“काढून टाकलं ते राजधानीवाल्यांनी. म्हणे, मुलांना उदास वाटेल. उदास!” आत्या कोपऱ्यात थुंकली. “आमची आई. तुझी आजी. उन्हाळ्यात नदीच्या तळाला खड्डे खणून लोकांची धुणी धुवायची. तिच्या आईला तर गुलामांच्या बाजारात उभी करून विकलेली. बेलार्मिनो तिच्यावर गेला, माझ्या आईवर. मी बापावर गेले म्हणून मला कुणी काही बोललं नाही. त्याला मात्र सगळी गल्ली चिडवायची. ‘ए गाळ, ए गाळ, पाऊस आला, वाहून जाशील.’ घरी येऊन रडायचा. मोठा झाल्यावर रडला नाही, कडवं लिहिलं.” तिने पुन्हा चित्राकडे पाहिलं. “ती काच पूस, माझं बोट लागलंय बघ.”

कुस्तोदियाने रुमालाने काच पुसायला घेतली. गूळ चिकट होता, निघेना. तिने बाही मागे सारली आणि हाताची पाठ काचेवर टेकवून जोराने घासलं. तिचा हात वडिलांच्या कपाळाशी आला आणि तिथे थांबला.

हाताची पाठ काळी होती. कपाळ गव्हाळ होतं.

“रंग कुणी सांगितला?” आत्याने विचारलं.

“मी.”

“फोटो बघून?”

“हात उताणा ठेवून.”

आत्याने तिचं मनगट धरलं. तव्यावरचं भाजलं की नाही बघावं तसा हात उलटा केला, मग सुलटा केला, आणि सोडून दिला. कुस्तोदियाने बाही खाली ओढली. बटण लावताना बोटांना काज सापडेना.

“मी मुद्दाम नाही केलं, आत्या.”

“मुद्दाम कोण करतं?” आत्या म्हणाली. “दलालानेही केलं नसेल.”

बाहेर कोंबड्या उकरत होत्या. आत्याने गुळाच्या भुग्याची चिमूट तिच्यापुढे धरली. कुस्तोदियाने ती घेतली, पण तोंडात टाकली नाही.

“उद्या मिसा झाली की तुला न्यायला येते,” ती जरा वेळाने म्हणाली. “शेजारचे दोघे मुलगे उचलून नेतील झुल्यासकट. मी सांगून ठेवलंय.”

“उद्या नको.”

“सगळं गाव येणार आहे.”

“येऊ दे की. गाव याला बघायला येईल. मला माझ्या भावाला बघायचंय.” आत्याने डोळे मिटले. “तो आईवर जाईल तेव्हा बोलव. त्या दिवशी माझी मी चालत येते.”

कुस्तोदियाने चित्राला चादर गुंडाळली. एक गाठ मारली, दुसरी मारली. मग झुल्याच्या दोरीवर हात ठेवून म्हणाली, “तेव्हा नेईन, आत्या. शब्द.”

“घाई नाही,” मिटल्या डोळ्यांनी आत्या म्हणाली. “पण फार उशीरही लावू नकोस. मी काही पुस्तकात नाही.”

दुपार कलली होती. चौकात जुआझेरोला, दामियानाच्या गावी, जाणारा ट्रक भरत होता. आता गेला की सोमवारीच परतणार. वाचनालयाच्या दारात डॉक्टरसाहेब कागदी पताका धरून उभे होते. तिच्या काखेतलं चित्र पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“आणलंत? या, खिळा पक्का बसलाय.”

“डॉक्टरसाहेब, हे उद्या लागायचं नाही. रंग चुकलाय.”

“चुकलाय? अहो, सकाळीच तर आपण पाहिलं. उत्तम आहे.”

“गडद करायचाय.”

त्यांनी पताका खाली ठेवल्या. रस्त्यावर कुणी ऐकतंय का, ते पाहिलं. चिडले नाहीत, चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. “असं बघा, लोकांना बोलावणी गेलीत. भिंत मोकळी ठेवता येणार नाही. मग मला पुस्तकातलंच लावावं लागेल. आणि ते एकदा लागलं की मंडळ पुन्हा उतरवू देईल, असं मला वाटत नाही. मी खोटी आशा दाखवणार नाही तुम्हाला.”

“लावा तुम्ही.”

“आणि तुमची खुर्ची?”

भिंतीवर खिळा होता. त्याच्या बरोबर खाली पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर कुणी तरी पांढरं कापड घालून ठेवलेलं होतं. इस्त्रीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. कुस्तोदियाने ती नीट पाहून घेतली.

“बसेल कुणी तरी,” ती म्हणाली.

डॉक्टरसाहेब आणखी काही बोलले, पण मुलांची तालीम पुन्हा सुरू झाली आणि ते ऐकू आलं नाही. ती चौकात आली. ट्रकच्या फळ्यांवर माणसं दाटून बसली होती, कुणाच्या पायाशी बकरी, कुणाच्या मांडीवर कोंबड्या. ड्रायव्हरने तिला ओळखलं.

“काय हो, उद्या तुमच्याच घरचं कार्य ना? सगळं गाव इथे येतंय, आणि तुम्ही कुठे निघालात?”

“थोडं काम राहिलंय,” कुस्तोदिया म्हणाली, आणि फळीवरच्या बाईच्या हातात आधी चित्र दिलं, मग स्वतः वर चढली.